ग्रहणाला ऐकू येत नाही : बहिणाबाईंचे दैव आणि खानदेशातील एक जुना वाद

वीसेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका वाचनालयात मी बहिणाबाई चौधरी यांच्यावर व्याख्यान दिले होते. ज्योतिषाला दारातूनच परत पाठवणारे त्यांचे गाणे घेऊन मी असे सिद्ध केले, निदान तेव्हा मला तसे वाटले, की ही बाई नशीब मानत नव्हती. ती काळाच्या पुढची बुद्धिवादी होती. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर तेच गाणे मी माझ्या फुईला, म्हणजे आत्याला, वाचून दाखवले. फुईचे लग्न चौदाव्या वर्षी झाले आणि दोन वर्षांत ती विधवा होऊन माहेरी परतली. सासरच्यांनी तिला पांढऱ्या पायाची ठरवले होते. पत्रिका नीट पाहिली नाही म्हणून माझ्या आजोबांना दोष, आणि पत्रिकेत तेच लिहिले होते म्हणून तिलाही दोष. तिला अक्षरओळख नव्हती. गाणे तिने दोनदा ऐकले, माझा निष्कर्षही ऐकून घेतला, आणि अहिराणीत म्हणाली, "ती कोठे म्हनस नशीब नई शे? ती म्हनस, तू नको सांगू."

तेव्हा मी हसून विषय सोडला. पुढे बहिणाबाई पुन्हा पुन्हा वाचताना लक्षात येत गेले की माझे व्याख्यान चुकले होते आणि फुईचे वाचन बरोबर होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चुकीची उशिरा केलेली दुरुस्ती आहे. ती करताना बहिणाबाईंच्या घरापासून फार दूर जावे लागत नाही. नियती आणि इच्छास्वातंत्र्य हा वाद खानदेशात चार ठिकाणी, चार वेगळ्या भाषांत मांडला गेला आहे: चाळीसगावजवळच्या पाटणला, अमळनेरला, धुळ्याच्या तुरुंगात आणि जळगावच्या एका शेतकरी घरात. ही चारही ठिकाणे एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

१. पाटण : आदेश

चाळीसगाव तालुक्यात डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे ठाणे आहे. तिथला शके ११२८चा, म्हणजे इ. स. १२०७च्या सुमाराचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ घातला, अशी त्यात नोंद आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असून शेवट जुन्या मराठीत आहे. पाटणच्या पेठेत येणाऱ्या मालावर, त्या काळच्या शब्दात 'केण्या'वर, ग्राहकाकडून राजाला जे मिळत असे ते मठाला दिल्याचे तो मराठी मजकूर सांगतो. गणिताचा अभ्यास बाजारातल्या पट्टीवर चालावा अशी ही सोय होती. भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे हेच स्थान की दुसरे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी हे ठिकाण निवडले, एवढे मात्र दगडावर आहे.

शके १०३६मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते. त्यातल्या गोलाध्यायात ज्योतिषशास्त्राचे फळ काय, हे सांगताना जुन्या गणकांचा हवाला देऊन ते एक शब्द वापरतात: 'आदेश'. आदेश म्हणजे भविष्यकथन. ते लग्नावर अवलंबून, लग्न स्पष्ट ग्रहांवर, ग्रह गोलज्ञानावर आणि गोलज्ञान गणितावर, अशी पायरीपायरीची मांडणी त्यांनी केली आहे. शास्त्राच्या परिभाषेत 'आदेश' म्हणजे सांगितलेले भाकीत. आज आपल्या मराठीत त्याच शब्दाचा अर्थ हुकूम होतो. दोन अर्थांतले अंतर वाटते तितके मोठे नाही, हे लीलावतीच्या आख्यायिकेवरून कळते.

ही आख्यायिका भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७मध्ये 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला, त्यातून ती आपल्याकडे आली. मुलीच्या नशिबी विवाहसुख नाही असे भाकीत होते. बापाने गणित करून दोष टाळणारा एकच मुहूर्त शोधला आणि वेळ मोजण्यासाठी घटिकापात्र लावले. नवरीच्या वेषातली मुलगी कुतूहलाने वाकून पाहू लागली. तिच्या अंगावरचा एक मोती पात्रात पडला, तळाचे छिद्र बुजले, पाणी आत येईना आणि मुहूर्त कोणाच्याही नकळत निघून गेला. मग बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिण्याचे ठरवले, म्हणजे निदान तिचे नाव राहील.

ही कथा बहुतेक वेळा 'विधिलिखित टळत नाही' याचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाचता येत नाही. भाकीत झाले नसते तर एकाच घटकेवर सगळे लग्न टांगले गेले नसते. घटिकापात्र आले ते भाकितामुळे, आणि मुलगी वाकून पाहू लागली ती घटिकापात्रामुळे. जे घडले त्याच्या कारणांच्या साखळीत भाकीत स्वतःच एक कडी होऊन बसले आहे. शिवाय या कथेत एक गोष्ट कोणीच करत नाही: मुलीला काही विचारत नाही. तिचे भविष्य बापाला ठाऊक, उपाय बापाच्या हाती, आणि शेवटी सांत्वनही बापाच्या ग्रंथाच्या रूपाने. साऱ्या कथेत तिची स्वतःची म्हणावी अशी कृती एकच, वाकून पाहण्याची. आणि कथेने अनर्थही त्याच कृतीवर टाकला आहे.

भास्कराचार्यांच्या गणिताने ग्रहण वर्तवता येते आणि ते वर्तवल्यासारखे घडते. चंद्रसूर्यांना आपले भाकीत ऐकू येत नाही. माणसाला ऐकू येते, आणि ऐकल्यावर तो पूर्वीचा माणूस राहत नाही. गणिताच्या एकाच पाटीवर ग्रहण आणि मुलीचे लग्न मांडताना हा फरक पुसला गेला.

हा फरक युरोपातही बराच काळ दुर्लक्षित राहिला. लाप्लासने १८१४मध्ये अशा एका बुद्धीची कल्पना केली, जिला विश्वातल्या सगळ्या कणांच्या जागा आणि सगळी बले एका क्षणी ठाऊक आहेत. तिला भविष्यकाळ भूतकाळाइतकाच स्पष्ट दिसेल. नियतिवादाचे याहून नेटके रूप सापडणे कठीण. पण ती बुद्धी कोणाशी बोलत नाही. ती मला येऊन म्हणाली, "उद्या सकाळी तू धुळ्याला जाशील," आणि मी हट्टी असलो, तर ते ऐकून मी अमळनेरला जाईन. मग तिला माझे ऐकणेही हिशेबात धरावे लागेल. ते धरून तिने "अमळनेर" सांगितले तर मी धुळ्याची गाडी धरीन. विसाव्या शतकात डोनाल्ड मॅके यांनी हा मुद्दा काटेकोर तर्काने मांडला. यातून नियतिवाद खोटा ठरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मनात ठेवलेले भाकीत खरे असू शकेल. ज्याच्याविषयी भाकीत आहे त्याला ते सांगितले, की मात्र त्याने मानलेच पाहिजे असे ते उरत नाही. नियती असो वा नसो, नियती सांगणाऱ्याचा अधिकार तेवढा ढासळतो. फुईचे वाक्य नेमके हेच होते.

२. दोन तुरुंग

मराठीत इच्छास्वातंत्र्यावरचा सर्वांत विस्तृत विचार लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'च्या दहाव्या प्रकरणात आहे. त्या प्रकरणाचे नावच 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असे आहे. ग्रंथ १९१५मध्ये प्रसिद्ध झाला, पण लिहिला गेला मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११च्या हिवाळ्यात. मनुष्य कर्माच्या कायद्याने बांधलेला असला तरी ज्ञान मिळवून त्यातून सुटण्याची प्रेरणा आत्म्याची स्वतःची आहे आणि स्वातंत्र्य तिथे आहे, असा टिळकांचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. दारे बंद असलेल्या माणसाने ते लिहिले हे विसरून वाचले, तर प्रकरण केवळ शास्त्रार्थ वाटते.

दुसरा तुरुंग आपल्या धुळ्याचा. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या अठरा रविवारी विनोबांनी तिथे सहबंद्यांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली, आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गुरुजींची लेखणी नसती तर 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज नसते. कर्माला आतून मनाची जोड मिळाली, म्हणजे विनोबांच्या भाषेत कर्मात विकर्म मिसळले, की त्याचे अकर्म होते. ओझे उरत नाही. कोठडीत दळण दळणाऱ्या माणसाला हा विचार पोकळ वाटण्याचे कारण नाही. दळण चुकत नाही, ते कसे दळायचे एवढे हाती राहते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात, म्हणजे धुळ्याच्या शेवटच्या रविवारी ज्या अध्यायावर प्रवचन झाले त्यात, आपल्या प्रश्नाचा सगळा पेच एकवटला आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात, असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण त्याला पाचातली एक जागा दिली आहे. पुढे श्रीकृष्ण अर्जुनाला बजावतो, की अहंकाराने 'लढणार नाही' म्हणालास तरी तुझा स्वभाव तुला लढायला लावील. हा उघड नियतिवाद झाला. मात्र त्यानंतर अवघ्या तीनचार श्लोकांत तोच श्रीकृष्ण म्हणतो, की या सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवे तसे कर.

या दोन विधानांचा मेळ घालताना भाष्यकारांनी पुष्कळ कष्ट घेतले आहेत. माझ्यापुरते मला त्यात संवादाची एक रीत दिसते. सांगणाऱ्याने भाकीत सांगितले आणि ते सांगून झाल्यावर निर्णय ऐकणाऱ्याच्या हातात परत दिला. पाटणच्या कथेतल्या बापाने हे केले नव्हते. अर्थात अर्जुन शेवटी 'तू म्हणतोस तसे करीन' असेच म्हणतो, तेव्हा परत दिलेला निर्णय फार काळ त्याच्या हातात राहिला नाही, असा आक्षेप घेता येईल. आक्षेप खरा आहे. तरीही हातात न घेता दिलेला होकार आणि हातात घेऊन दिलेला होकार एकच नव्हेत. सत्याग्रह करून तुरुंगात आलेल्या श्रोत्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नव्हती.

३. अमळनेर : मी हे नव्हे

अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. सरकी, सूतगिरणी आणि पंढरीच्या वाटेवरचे सखाराम महाराज यांच्या गावात वेदान्ताच्या संशोधनासाठी शिष्यवृत्त्या देणारी संस्था उभी राहणे, हा खानदेशच्या बौद्धिक इतिहासातला एक विलक्षण योग आहे. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हा इंग्रजी ग्रंथ १९३०मध्ये याच संस्थेने प्रकाशित केला. आधुनिक भारतीय तत्त्वज्ञानात स्वातंत्र्यावरचा इतका कसदार ग्रंथ दुसरा क्वचितच असेल. त्यावर अमळनेरचे नाव आहे, हे खुद्द अमळनेरमध्येही अनेकांना ठाऊक नसते.

ग्रंथ कठीण आहे. मी तो तीनदा वाचला तेव्हा कुठे त्याचा सांगाडा हाती लागला. 'मी दोन पर्यायांतून एक निवडू शकतो का,' या नेहमीच्या प्रश्नात भट्टाचार्य अडकत नाहीत. त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्य म्हणजे 'मी' आपल्याला वस्तूंपासून पायरीपायरीने वेगळा ओळखतो ती प्रक्रिया. आधी देहाच्या पातळीवर, मग मनाच्या, मग आत्म्याच्या. प्रत्येक पायरीवर जे आजवर 'मी' म्हणून धरले होते ते 'हे माझ्यासमोरचे काही आहे' असे दिसू लागते, आणि ते सुटते. जे सुटत नाही ते मी. वेदान्तातल्या 'हे नव्हे, हे नव्हे' या जुन्या पद्धतीला त्यांनी कांटच्या परिभाषेत नवे रूप दिले.

त्या काळी अमळनेरपासून जळगावपर्यंत रेल्वे होती, आजही आहे. मध्ये थोडीच स्थानके. ग्रंथ छापला गेला तेव्हा जळगावात पन्नाशीची एक विधवा शेतकरीण जात्यावर बसून स्वतःची गाणी म्हणत होती. या दोन गोष्टी एकाच पट्ट्यात आणि एकाच काळात घडल्या. त्यांचा परस्परसंबंध होता असे मी म्हणत नाही, पण त्यांची तुलना करणे उपयोगाचे आहे.

४. जळगाव : कपाळ, मनगट, गळा

बहिणाबाईंचा जन्म १८८०चा, जळगावशेजारच्या आसोद्याचा. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी घराण्यात लग्न झाले, आणि तिसाव्या वर्षी वैधव्य आले. म्हणजे टिळक मंडालेत आत्मस्वातंत्र्यावर लिहीत होते त्याच सुमारास. पदरात काशी, ओंकार आणि सोपानदेव अशी तीन मुले, आणि ओंकारला प्लेगने अपंग केलेले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या आणि पुढच्या वर्षी 'बहिणाबाईंची गाणी' आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. गाणी कागदावर आली ती सोपानदेव आणि त्यांच्या आप्तांच्या हातून. म्हणून शीर्षके, विरामचिन्हे, गाण्यांचा क्रम यांवर फार मोठी इमारत रचू नये, असे मला वाटते. पण गाण्यातली युक्तिवादाची चाल, प्रतिमांची जोडणी, ज्याला उद्देशून बोलायचे तो माणूस, हे कोणी नंतर घालू शकेल अशा गोष्टी नाहीत.

वैधव्यानंतरच्या ज्या गाण्यात त्या शेजारपाजारच्या आयाबायांना 'माझी कीव करू नका' असे बजावतात, ते गाणे आधी पाहू. त्यात तीन जोड्या आहेत. कुंकू गेले, कपाळावर गोंदण राहिले. बांगड्या गेल्या, मनगटात करतूत राहिली. मंगळसूत्र गेले, गळ्याची शपथ राहिली. जागा मात्र बदलत नाहीत: कपाळ, मनगट, गळा. रूढीने ज्या तीन ठिकाणी सौभाग्य ठेवले आणि काढून घेतले, नेमक्या त्याच ठिकाणी बहिणाबाई बोट ठेवून विचारतात, इथे आता काय आहे? आणि नशिबाला आव्हान द्यायचे काम त्या गोंदणावर सोपवतात.

'हे नव्हे, हे नव्हे' करत उरते ते शोधण्याची ही रीत अमळनेरच्या ग्रंथाशी थेट नाते सांगते. फरक असा, की भट्टाचार्य देह ओलांडून आत जातात, बहिणाबाई देहावरच थांबतात. त्यांच्या लेखी उरलेला 'मी' हा आत्मा नाही. काम करणारे मनगट आहे. संसार मनगटावर चालायचा होता, तेव्हा त्याहून आत जाण्याची त्यांना सवड नव्हती आणि गरजही नव्हती.

गोंदणाविषयी एक बारकावा इथे नोंदवतो, कारण माझ्या जुन्या व्याख्यानाचा बुद्धिवाद त्यापाशी कोसळतो. गोंदणही कोणी स्वतः निवडलेले नसते. लहानपणी गोंदारीण येते, आई हात धरून बसवते, मूल रडते आणि खूण कायमची उमटते. बुद्धिवाद्याला गोंदण आणि कुंकू दोन्ही सारखेच, दोन्ही परंपरेने लादलेले. बहिणाबाईंना ते सारखे वाटत नाहीत. जे लादले गेले पण आता कोणी काढून घेऊ शकत नाही, ते त्यांनी आपले म्हणून उचलले. शून्यातून निवड करण्याचे स्वातंत्र्य त्यांनी मागितलेलेच नाही. आपल्या वाट्याला आलेल्यातले काय आपले म्हणायचे, हे ठरवण्याचा हक्क त्या बजावतात. कार्यकारणाच्या साखळीत राहून जे स्वातंत्र्य शक्य आहे, ते बहुधा याच जातीचे असावे.

आता ज्योतिषाचे गाणे. त्याचा आरंभच चमत्कारिक आहे. कपाळावरची कर्माची रेषा कुंकवाखाली झाकलेली होती, ती कुंकू पुसल्यावर दिसू लागली, अशी तिथे कल्पना आहे. म्हणजे भविष्य आधी वाचता येत नाही. घडून गेल्यावरच 'हे लिहिलेले होते' असे म्हणता येते. सगळ्या विधिलिखिताचा हा दुबळा सांधा आहे आणि तो त्यांनी पहिल्याच कडव्यात उघडा केला. पुढे त्या तळहातावरच्या रेषा पाहतात. धनरेषेने तळहाताला चिरा पडल्या आहेत. शेतात राबणाऱ्या हाताला पडतात तशा. ज्योतिषी जिथे मजकूर वाचू पाहतो तिथे त्यांना 'रेघोट्या' दिसतात. मराठीत रेषा आणि रेघोटी यांत जेवढे अंतर आहे तेवढेच इथे शास्त्र आणि त्यावरची त्यांची श्रद्धा यांत पडते. मग नवग्रह. तेही बिचारे फिरतच आहेत. जे स्वतः जुंपलेले आहेत ते दुसऱ्याला काय फिरवणार, असा त्यात सूर आहे. देवाकडे मागणे एकच, दोन लेक सुखी राहोत; नशीब म्हणतात ते सगळे त्यातच आले, पंचांगाने आणखी काय सांगायचे राहिले?

आणि शेवटी त्या दाराशी येऊ नको म्हणतात, तेव्हा कारण देतात ते हे, की स्वतःचे दैव त्यांना स्वतःला कळते. माझ्या व्याख्यानात हे कारण मी गाळले होते. ते गाळले की कवितेत नशिबाचा निषेध उरतो आणि ती एखाद्या प्रचारपत्रकात शोभते. ते ठेवले की कविता वेगळी होते. दैव आहे, पण ते प्रथमपुरुषी आहे. 'माझे दैव' असे मी म्हटले तर ती माझ्या आयुष्याची मीच लावलेली संगती आहे. 'तुझे दैव' असे दुसऱ्याने म्हटले तर तो आदेश झाला, पाटणच्या आणि आजच्या, दोन्ही अर्थांनी.

हीच दृष्टी त्यांच्या इतर गाण्यांतही आहे. मनाला त्या उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा देतात: कितीही हाकला, पुन्हा येतेच. इच्छेचे स्वातंत्र्य गृहीत धरणाऱ्याला ही उपमा सुचणार नाही. पण ढोर पुन्हा येते म्हणून राखणदार घरी जाऊन झोपत नाही, हेही कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. संसाराच्या गाण्यातला तवा तापल्याशिवाय भाकरी देत नाही, आणि तापला की हाताला चटका देतो. तव्याला चुलीचा नियम आहे, म्हणूनच बाईला भाकरीचे कसब येते. नियमच नसता तर कसबही नसते. नियती आणि कर्तृत्व यांना एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे करणारा वाद इथे चुलीपाशीच मिटतो.

दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. पहिली, 'दोन लेक सुखी राहोत' या मागण्यात काशी दिसत नाही. नशिबाला आव्हान देणारी ही बाईदेखील पुढची आशा मुलग्यांच्या नावे मांडते. त्या काळच्या घरात दुसरे काय शक्य होते, असे म्हणून हे झाकता येईल. पण लीलावतीच्या कथेत जे खटकले ते इथे खटकू नये, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. दुसरी मर्यादा माझ्या प्रतिपादनाची. प्रथमपुरुषी दैव नेहमीच मुक्त असते असे नाही. लोकांनी वर्षानुवर्षे कानात सांगितलेले माणूस एक दिवस आपल्याच तोंडाने बोलू लागतो. फुईसुद्धा कित्येकदा 'मनं नशीब' म्हणून सुस्कारा टाकायची, तेव्हा तो तिचा आवाज होता की सासरचा, हे सांगणे कठीण होते. बहिणाबाईंच्या गाण्यात तो आवाज त्यांचा आहे हे कशावरून? मला एकच खूण दिसते: तिथे दैवाचा उच्चार झाल्यावर काम थांबत नाही, सुरू होते. आयाबायांना माघारी पाठवून त्या मनगटाकडे वळतात. आपल्या आयुष्यात दैव हा शब्द वाक्याच्या शेवटी येतो की सुरुवातीला, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

५. भाव

हा वाद जुन्या पोथ्यांपुरता असता तर त्यावर दिवाळी अंकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. खानदेशात कापूस वेचून घरी आला की दोन गोष्टी घडू शकतात. पावसाने आधीच दगा दिलेला असतो, किंवा पीक चांगले येऊन भाव पडलेला असतो. दोन्ही वेळा ओट्यावर वाक्य एकच ऐकू येते: नशिबात नव्हते. पाऊस ग्रहणासारखा आहे, त्याला आपले बोलणे ऐकू येत नाही. भाव मात्र ऐकू येणाऱ्या माणसांनी ठरवलेला असतो. आयात-निर्यातीचा निर्णय, खरेदी केंद्र कधी उघडायचे, काट्यावर किती तूट धरायची, हे सगळे कोणीतरी कुठेतरी बसून ठरवतो. त्याला नशीब म्हटले की तो ठरवणारा ग्रहांच्या रांगेत जाऊन बसतो आणि त्याला जाब विचारायची सोय राहत नाही. विधवेला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्यांनी हेच केले होते. माणसांनी केलेली गोष्ट त्यांनी ग्रहांच्या खात्यावर टाकली.

बहिणाबाईंच्या गाण्याचा आजचा उपयोग मला इथे दिसतो. दैव आहे की नाही, यावर त्या आपल्याला काही पटवून देत नाहीत. कोणी दैव सांगू लागला की त्याच्याकडे नीट पाहायला मात्र त्या शिकवतात: हा कोण, याला कोणी बोलावले, आणि माझ्या दाराशी येऊन सांगण्यात याचा काय लाभ?

शेवटी एक कबुली. नऊ वर्षांपूर्वी माझ्या मुलीला स्थळ आले. मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली. मी, बहिणाबाईंवर व्याख्याने देणारा माणूस, काही न बोलता कपाट उघडले आणि जुन्या वहीत ठेवलेली पत्रिका काढून पुसली. चांगले स्थळ, कशाला खोडा घालायचा, असा विचार केला. फुई तेव्हा थकली होती, दाराशी खाटेवर पडून असे. तिने मान वळवून माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले. पत्रिका देऊ नको, असे ती म्हणाली नाही. एवढेच विचारले, "पोरले इचारं का?"

मी विचारले नव्हते. कागद हातात धरून मी आतल्या खोलीत गेलो.